माझा मेंदू तुमच्या फोनमध्ये

"माझा मेंदू तुमच्या फोनमध्ये काय करतोय?"

लिफ्टमध्ये मागून आवाज आला आणि ती दचकली. तिच्या फोनवर मेंदूचा रंगीत फोटो होता. खाली मजकूर – 'गोळ्या सोडा, एकवीस दिवसांत मेंदू नवा! हा बघा बरा झालेला रुग्ण!' वळून पाहिलं, तर पावसाचे थेंब पडलेला चष्मा शर्टाच्या टोकाने पुसत एक तरुण उभा.

"तुमचा?"

"शंभर टक्के. स्कॅनचं नवं यंत्र तपासायला मीच आत झोपलो होतो. चौथा मजला – मेंदूच्या नोंदी कॉम्प्युटरवर तपासतो. तुम्ही?"

"दुसरा मजला. खोट्या बातम्या कुठून कुठे पसरतात, ते शोधते."

"मग चोर सापडलाच म्हणायचा!"

ती हसली नाही. हा मेसेज वाचून तिच्या मावशीने फिटच्या गोळ्या बंद केल्या होत्या. सहा दिवस झाले होते. आई गेल्यावर हिला लहानाची मोठी केली ती याच मावशीने.

"घसा कोरडा पडला सांगून," ती म्हणाली. "पण पिकतं तिथे विकत नाही. तिच्या लेखी मी अजून दोन वेण्यांची पोरगी."

लिफ्टचं दार उघडलं. त्याने शांतपणे तळमजल्याचं बटण दाबलं.

"चला. मेंदूचा मालकच दाखवू त्यांना."

मावशी शिवणकामाच्या शिक्षिका होत्या. टाका उसवून बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायच्या नाहीत. या मेसेजवर मात्र कसा कोण जाणे, डोळे मिटून ठेवला होता. "हे डोकं तुमचंच कशावरून?" दोघं घरी पोचताच त्यांनी त्याला विचारलं.

त्याने लॅपटॉपवर मूळ फोटो उघडला. बाजूने घेतलेला. मेंदूसोबत कपाळ, नाक, हनुवटी – सगळी रेघ दिसत होती. मग तो खिडकीसमोर बाजूला तोंड करून बसला. मावशींनी चष्मा चढवला. एकदा फोटो, एकदा नाक.

तीही बघत राहिली. पुरावा तपासायचा म्हणून... जरा जास्तच वेळ.

"नाक तर हेच," मावशी पुटपुटल्या.

"मावशी, मला कधी आजारच नव्हता. मग एकवीस दिवसांत बरा कशाचा होणार?"

"या वयात मला शेंडी लावली की!" मावशींचा आवाज बारीक झाला. "डॉक्टरांना फोन लाव गं."

डॉक्टरांनी लगेच बोलावलं, तपासलं, गोळ्या पुन्हा सुरू केल्या. दुसऱ्या दिवशी मावशींचाच फोन – "मी अकरा जणींना पाठवलाय तो मेसेज. त्यांचं काय?"

मग व्हिडिओ झाला. मावशी बोलल्या, तो नाक दाखवत बसला. मैत्रिणींकडून मैत्रिणींकडे व्हिडिओ निघाला आणि तो कुठे कुठे पोचला, हे ती मोजत राहिली. तो रोज दुसऱ्या मजल्यावर यायचा, "कुठवर गेलं माझं नाक?" म्हणत.

पंधराव्या दिवशी दुपारी तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. आलेखात खोट्या मेसेजची रेघ खाली आली होती. अकरापैकी चार जणींनी आपापल्या गोळ्या सोडल्या होत्या. चौघींनी पुन्हा सुरू केल्या होत्या.

"आता खाली यायला कारण उरलं नाही," तो म्हणाला.

"कारण हवंय?"

"असलेलं बरं..."

तिने खुर्ची त्याच्याकडे फिरवली. "मग ऐका. मी खात्री केल्याशिवाय काही बोलत नाही. मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवशी वाटलं होतं. पंधरा दिवस तपासून बघितलं. खरं आहे."

लिफ्टपासून आजवर कधी बोलताना न अडखळलेला माणूस... कानापर्यंत लाल झाला. चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"चहा..." तो म्हणाला. "चहा घेतेस?"

पंधरा दिवसांचं 'तुम्ही' कुठच्या कुठे गेलं होतं. तिच्या लक्षात आलं, त्याच्याही.

"घेते," ती उठत म्हणाली, "तू बरोबर येणार असशील तर."