श्वासाची जागा

माझं काम म्हणजे आवाजांची धुणीभांडी. जुन्या टेप, झिजलेल्या तबकड्या, कुणाच्या तरी माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या कॅसेट आमच्या संग्रहालयात येतात आणि मी त्यांच्यावरची खरखर काढून देते. रीत साधी आहे. ध्वनिमुद्रणात जिथे कुणी बोलत नाही, गात नाही, अशी दोन-तीन सेकंदं शोधायची. ती संगणकाला दाखवून सांगायचं, हा रिकामा आवाज. हा जिथे जिथे असेल तिथून वजा कर. संगणक आज्ञाधारक असतो, शहाणा नसतो. म्हणून आमचे वरिष्ठ, ज्यांना आम्ही त्यांच्यामागे कानसेन म्हणतो, प्रत्येक नवख्याला पहिल्याच दिवशी बजावतात, "रिकामं म्हणून जे निवडशील ते आधी कान देऊन ऐक."

बारा वर्षांत मी हे एकदाच विसरले. तेही घरच्या कामात.

आई फुप्फुसांच्या आजाराने गेली. शेवटचे आठ महिने घरात तिच्या धापेचाच आवाज होता. एक वाक्य बोलायला तीनदा थांबावं लागे. गाणं तर केव्हाच सुटलं होतं. आई शिवणकाम करायची आणि मशीनवर बसली की समोर जे दिसेल ते एका ठरलेल्या चालीत ओवायची. बटण हरवलं की बटणावर, मी रुसले की माझ्या फुगलेल्या गालांवर. बाबा कुरकुरायचे, "हिच्यासमोर उभं राहायची सोय नाही. लगेच गाण्यात घेते."

ती गेली आणि बाबांचं जेवण सुटलं. हट्टाने नव्हे, घास तोंडात तसाच राहायचा, गिळायचं विसरल्यासारखा. दीड महिन्यात नऊ किलो वजन उतरलं. डॉक्टर म्हणाले, मन रमेल असं काहीतरी बघा, नाहीतर नळी घालावी लागेल. दुःख करायला मला सवडच नव्हती, मला नुसती भीती वाटत होती. एक माणूस गेलं होतं आणि दुसरं डोळ्यांदेखत चाललं होतं.

तेव्हा कपाट आवरताना ती कॅसेट सापडली. बाबांनी टेपरेकॉर्डर विकत आणला त्या दिवशीची. आई मशीनवर बसलेली, दोन मिनिटं चाळीस सेकंदं, दोन कडवी. एक हरवलेल्या बटणाचं, एक माझ्या फ्रॉकचं. खरखर इतकी, की आवाज पत्र्याखालून आल्यासारखा वाटे. मी जेवणाच्या सुट्टीत कामावरच ती साफ केली. दोन कडव्यांमधली शांत अडीच सेकंदं निवडली, न ऐकताच वजा केली आणि संध्याकाळी छोट्या प्लेअरवर बाबांना गाणं लावून दिलं.

बाबांनी मान वर केली. मशीनच्या ठेक्यावर त्यांची बोटं हलली. मी चमचा पुढे केला आणि अर्धी वाटी सूप निमूट पोटात गेलं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

पंधरा दिवस असे गेले. जेवणाची वेळ झाली की गाणं. बाबा दाढी करायला लागले, शेजारच्यांच्या कुत्र्याला नावं ठेवायला लागले. एकदा घास गिळून म्हणाले, "ऐकलंस? तिला आता धाप लागत नाही."

मी हसून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी शाबासकीच्या आशेने मी ते कानसेनांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं, हेडफोन काढला.

"आवाज गोड आहे," ते म्हणाले. "पण ही बाई श्वास कुठे घेते?"

मी निवडलेली अडीच सेकंदं तेव्हा पहिल्यांदा ऐकली. ती रिकामी नव्हती. दुसरं कडवं सुरू करण्याआधी आईने घेतलेला श्वास होता तो. संगणकाने तो खरखरीबरोबर सगळ्या गाण्यातून वेचून काढला होता. मी शरमेने मान खाली घातली.

"मूळ कॅसेट आहे ना? मग रडायचं कशाला," कानसेन म्हणाले. "पुन्हा कर. श्वास काढून घेतला की गाणाऱ्याला थांबायला कारणच उरत नाही." आणि आपल्याच विनोदावर हसले.

मी पुन्हा केलं, नीट, श्वास राखून. बाबांना लावून दिलं. आईचा पहिला श्वास ऐकू आला आणि बाबांनी दोन्ही हात कानांवर दाबले. "बंद कर! परत धाप लागली तिला. बंद कर म्हणतो ना!" त्यानंतर दोन दिवस त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, मी हात टेकले आणि बिनश्वासाचं गाणं परत लावलं.

खिडकीतून ऊन थेट पलंगापर्यंत आलं होतं. बटणाचं कडवं झालं, फ्रॉकचं झालं. मी बाबांची हनुवटी पुसत होते. इथे खट् असा आवाज होऊन गाणं संपायला हवं होतं.

संपलं नाही.

तिसरं कडवं काठीवर होतं. कोपऱ्यात टेकवलेल्या, रबरी टोकाच्या काठीवर. ती आम्ही आई गेल्यानंतर बाबांसाठी घेतली होती.

प्लेअरवरचे आकडे पुढे सरकत होते. "आज काठीला धरलंन्," बाबा कौतुकाने म्हणाले आणि स्वतःहून तोंड उघडलं.

मी स्वतःची समजूत घातली. कॅसेटवर आधीचं काहीतरी पुसट राहिलं असेल. काठ्या काय, जगात पुष्कळ असतात. पण सोमवारी खिडकीचा राखाडी पडदा आला, जो मी गेल्या महिन्यात लावला होता. मंगळवारी औषधांचा डबा. गाणं चार मिनिटांचं झालं, मग सात, मग अकरा. कुठेही खंड नाही. आणि गाणं चालू असताना बाबांच्या अंगावरची चादर हलत नव्हती. मी त्यांच्या छातीवर तळहात ठेवला. ठोके पडत होते, पण छाती स्थिर होती. गाणं थांबलं तेव्हाच ती वर आली.

"बाबा, त्रास होतोय का?"

"छे गं. इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं."

गुरुवारी मी अर्धा दिवस काम करून घरी आले. मावशी, आईची धाकटी बहीण, गाणं लावून देऊन नुकतीच गेली होती. मी दारात थांबले, खांद्यावरची पिशवी तशीच होती. आतून आईचा आवाज आला.

*दारात उभी पोर माझी, पिशवी खाली ठेवेना.*

मी प्लेअर बंद केला. त्यातलं गाणं पुसलं, कामावर परत जाऊन तिथली प्रतही पुसली. कॅसेटची फीत ओढून काढली आणि कात्रीने तिचे तुकडे केले. आईच्या आवाजाचे मी माझ्या हाताने तुकडे केले.

बाबांचं जेवण पुन्हा सुटलं. एक दिवस, दोन, तीन. चौथ्या सकाळी डॉक्टर येऊन नाडी बघून गेले. दारापाशी मला हळू आवाजात म्हणाले, "उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर भरती करा. पण नळी त्यांना सोसेल असं मला वाटत नाही."

दुपारी बाबांनी डोळे उघडले.

"तू म्हण ना," ते म्हणाले. "चाल येते की तुला."

चाल मला येत होती. मी नाही म्हणायला हवं होतं. पण समोर बाबांची मनगटं होती, माझ्या दोन बोटांत मावतील एवढी.

मी वाटी घेतली आणि बटणाचं कडवं म्हटलं. त्यांनी तोंड उघडलं.

फ्रॉकचं म्हटलं. त्यांनी गिळलं.

मला इतका आनंद झाला की एक गोष्ट ध्यानातच आली नाही. दोन कडव्यांच्या मध्ये मी थांबले नव्हते.

वाटी संपली. मी तोंड मिटायला गेले.

मिटलं नाही.

मी छातीवर हात ठेवला. ठोके पडत होते.

याला आता दोन तास झाले. मी रिकाम्या वाटीवर गातेय, पडद्यावर गातेय, भिंतीवरच्या उन्हावर गातेय. आवाज माझाच आहे. घसा दुखत नाही, दम लागत नाही, आणि त्याचीच मला सर्वांत जास्त भीती वाटते. बाबा माझ्याकडे बघत तृप्त पडलेत, गालांवर रंग आलाय. हे सगळं मी त्यांच्या औषधांच्या वहीत लिहितेय, कारण बोलायला तोंड मोकळं नाही.

मघाशी मावशी आली. तिला बघताच गाणं तिच्यावर वळलं: तिच्या कुरकुरणाऱ्या चपलांवर, घरी विसरलेल्या चष्म्यावर. मावशीने दाराची चौकट धरली आणि तिचे डोळे भरून आले.

"अगदी ताई गं! डिट्टो ताई!"

मी धावत जाऊन वही तिच्यापुढे धरली. तिने पान लांब धरून पाहिलं आणि परत दिलं. "चष्म्याशिवाय काय दिसणार मला? मग वाचते." मी तिचा हात घट्ट पकडला. तिने माझा हात थोपटला, बाबांची चाटूनपुसून रिकामी झालेली वाटी पाहिली आणि हसली.

"जेवले की गं! गात राहा चिमणे, थांबू नकोस."

जाताना तिने दार अगदी हळू ओढून घेतलं, गाण्यात व्यत्यय नको म्हणून.