अर्धी भरलेली चिप

"आधी दराबा, मग किल्ला!" चंदनने जाहीर केलं.

"आधी डबा!" दोन वेण्या उडवत रंजिताने त्याला दटावलं. "आईला डबा दिल्याशिवाय मी कुठंच येणार नाही."

"बरं बाई, आधी डबा. पण नंतर दोन प्लेट दराबा!"

वैजयंती हसली. दिवाळीच्या सुट्टीत तिचा मावसभाऊ चंदन जळगावहून बुऱ्हाणपूरला आला होता, आणि आल्यापासून त्याला दराबा, म्हणजे इथली रवा-तुपाची मिठाई, खाण्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. रंजिता ही वैजयंतीची वर्गमैत्रीण. ती तापीपलीकडे जैनाबादला राहायची. तिची आई मालूबाई तिथल्याच केळी पिकवण्याच्या केंद्रात कामाला होती.

केंद्राच्या अंगणात हिरव्या केळ्यांच्या क्रेटची उंचच उंच रांग लागली होती. तिघं पिकवणीच्या खोलीजवळ पोहोचले, तेवढ्यात तिचं जाडजूड दार सरकलं आणि मालूबाई भिंत धरून बाहेर आली. चेहरा घामाने डबडबला होता. दोन पावलं टाकून ती मटकन खालीच बसली.

"आई! काय झालं?"

"काही नाही वं माय. डोकं गरगरते जरासं. कालपासून असंच होते."

"ऊन लागलं असेल," केंद्राचे मालक लीलाधरकाका वजनकाट्यापासूनच ओरडले.

"काका, आत तर पंखे लावल्यासारखी थंडी आहे! थंडीत ऊन कसं लागेल?" चंदन म्हणाला.

काकांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. बाहेर ट्रक खोळंबला होता.

वैजयंतीचं लक्ष मात्र उंबऱ्याकडे गेलं होतं. दाराच्या आतल्या बाजूला दोन पाली उताण्या पडल्या होत्या. पाय आखडलेले, पोटं पांढरीफटक.

"रंजिता," ती हळूच म्हणाली, "हवा बाहेर फेकणारा तो मोठा पंखा कुठाय? मागच्या वेळी आले होते तेव्हा कानठळ्या बसल्या होत्या त्याच्या आवाजाने."

रंजिताने वर पाहिलं. "अगं हो! दर थोड्या वेळाने घरघरायचा तो. दोन दिवसांत मी ऐकलाच नाही!"

"बच्चे लोग, इधर क्या चल रहा है?" यंत्रं बसवणारा पंडित मागून आला. त्याच्या हातात चाव्यांचा जुडगा होता. "पंखे की मशीन में नई चिप डाली है मैंने. पंखा गरज पडली तरच चालतो. वो देखो, हरा दिवा! हिरवा म्हणजे सब ठीक."

"चिप कुठून आणली?" वैजयंतीने विचारलं.

"तुझ्या मामाच्याच दुकानात भरली परवा! मामा जेवायला गेला होता, मग मीच पेनड्राइव्हमधून फाइल टाकली आणि भरली. दोन मिनिट का काम!" आणि मालूबाईकडे वळून तो म्हणाला, "तीन बजे फिर अंदर जाना है, बाई. केळ्यांचा रंग बघायचाय."

पंडितने भरलेली ती फाइल बघायला तिघं मामाच्या दुकानाकडे निघाले. वाटेत दराब्याचं नाव कुणीच काढलं नाही. चंदननेसुद्धा नाही.

अनंतमामाचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान शहरातल्या शनवारा भागात होतं. मामा त्या दिवशी सामान आणायला खंडव्याला गेला होता, पण दुकानाची एक चावी वैजयंतीच्या घरी असायची. मामाच्या लॅपटॉपवर काम करायची तिला मुभा होती. चिपमध्ये भरायच्या फायली कशा तपासायच्या हेही त्यानेच तिला उन्हाळ्यात शिकवलं होतं.

तिने लॅपटॉप सुरू केला आणि काळी खिडकी उघडली. तिच्यात ना चित्रं, ना बटणं. नुसता एक लुकलुकणारा ठिपका.

"हे काय? बिघडलं का?" चंदन म्हणाला.

"नाही रे! इथे आदेश टाइप करायचा. मग यंत्र उत्तर देतं." तिने बोटाने पडदा दाखवला. "ही बघ, पंडितजींनी परवा भरलेली फाइल. आणि ही मामाने गेल्या वर्षी त्याच यंत्रासाठी भरलेली. फाइलमधली प्रत्येक ओळ सांगते, की चिपमधल्या कितव्या जागेपासून कोणते आकडे भरायचे. आता मी विचारते, कुठून कुठपर्यंत भरलंय?"

तिने जुन्या फाइलचं नाव टाकून आदेश दिला. पडद्यावर उत्तर उमटलं: ०००० ते २एफएफएफ.

मग नव्या फाइलचं. ०००० ते १७एफएफ. आणि खाली एक सूचना: फाइल संपल्याची ओळ सापडली नाही.

वैजयंतीने पेन उचललं. तिने कागदावर आकडेमोड केली, पुन्हा केली.

"बरोबर निम्मी आहे," ती म्हणाली. "फाइल पूर्ण उतरायच्या आत पंडितजींनी पेनड्राइव्ह उपटला असणार. अर्धीच चिप भरली गेली!"

"पण यंत्र तर चालू आहे. हिरवा दिवा लागलाय," रंजिता म्हणाली.

"चालू ठेवणारा भाग पहिल्या अर्ध्यात असेल. दुसऱ्या अर्ध्यात काय होतं?"

तिने जुन्या फाइलचा तेवढाच भाग पडद्यावर मागवला. आकड्यांच्या रांगाच रांगा सरकू लागल्या. उजवीकडे मधूनच इंग्रजी अक्षरं दिसत होती. चंदन पुढे वाकून एकेक अक्षर वाचू लागला.

"जी, ए, एस... गॅस! त्याच्यापुढे मर्यादा. आणि चाळीस!"

"चाळीस झाले की पंखा आणि भोंगा," वैजयंती म्हणाली. "चिपच्या न भरलेल्या जागेत काय असतं माहितीये? एफएफ. म्हणजे दोनशे पंचावन्न. त्या जागेत मावणारा सगळ्यांत मोठा आकडा! आता गॅस दोनशे पंचावन्न होईपर्यंत यंत्र पंखा लावणारच नाही. आणि तेवढा तो कधी होणारच नाही. आतला माणूस मेला तरी दिवा हिरवाच राहील!"

"कसला गॅस?" रंजिताने विचारलं. तिला कळलं होतं, पण ऐकायचं नव्हतं.

"केळी पिकताना श्वास सोडतात. कार्बन डायऑक्साइड. बंद खोलीत तो साठतो. म्हणून तर तो पंखा!"

भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन झाले होते.

लीलाधरकाकांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. मालूबाईकडे फोन नव्हता. पंडितने मात्र उचलला आणि सगळं ऐकून खदाखदा हसला. "सुट्टी है, खेलो बेटा! बडों के काम में टांग मत अडाओ!" आणि फोन ठेवून दिला.

तिघं राजघाटाकडे धावत सुटले. चंदनची चप्पल वाटेत तुटली, तर त्याने ती हातात घेतली. नाव निघायच्या बेतात होती.

"बाबा, लवकर चला ना!" रंजिता नावाड्याला म्हणाली.

"चालली पोरी, चालली. पाण्याले काय पंख असतात?"

रोज हवीहवीशी वाटणारी ती तापी आज संपता संपेना. वल्ह्याचा प्रत्येक फटका वैजयंतीच्या छातीत वाजत होता. रंजिता नुसती पलीकडच्या काठाकडे बघत होती. तिच्या मुठी गच्च आवळलेल्या होत्या. आपण म्हणतोय ते चुकीचंच असू दे, असं वैजयंतीला मनापासून वाटत होतं. सगळ्यांनी हसू दे आपल्याला!

केंद्रात पोहोचले तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. पिकवणीच्या खोलीचं दार बंद होतं आणि दारासमोर खुर्ची टाकून पंडित मोबाइल बघत बसला होता. त्याच्या डोक्यावर हिरवा दिवा शांतपणे जळत होता.

"आई कुठाय?"

"अंदर. आत्ताच गेली."

"दार उघडा! आधी दार उघडा!"

"पागल हो क्या? आत पिकवायचा गॅस सोडलाय. दार उघडं ठेवलं तर अख्खा माल खराब! हटो यहां से!" तो दाराला पाठ लावून उभाच राहिला.

रंजिताने दारावर मुठी आपटल्या. "आई! आई गं!" आतून उत्तर आलं नाही.

वैजयंतीने चंदनकडे पाहिलं. चंदनने एकदाच मान हलवली आणि तो फाटकाकडे पळाला. दुसऱ्याच क्षणी त्याची किंकाळी आली. "पंडितजी! तुमची मोटारसायकल! ट्रक मागे येतोय! गेली, गेली, गेली!"

"अरे रुको! रुको!" पंडित बोंबलत पळाला.

दोघींनी दांडा धरून सगळा जोर लावला. दार घर्रकन सरकलं. आतून गोडसर, जड हवेचा लोट तोंडावर आला. क्रेटच्या दोन रांगांमध्ये, दहाएक पावलांवर, मालूबाई पालथी पडली होती. हलत नव्हती.

"आई!" रंजिता आत झेपावली.

वैजयंतीने तिला मागून मिठी मारली. "नको! आत गेलीस तर तूही पडशील!"

"सोड मला! सोड!" रंजिता लाथा झाडत होती. तिने वैजयंतीच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. डोळ्यांत पाणी तरळलं, पण वैजयंतीने मिठी सोडली नाही. इतकी भीती तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती. सोडलं तर दोघी जातील, आणि धरून ठेवलं तर?

"चंदन! केळी वाळवायचा पंखा!" ती ओरडली.

धुतलेली केळी वाळवायला अंगणात चाकांचा एक भलामोठा पंखा होता. चंदन आणि कडू नावाचा हमाल तो ढकलत आले आणि त्यांनी तो दारात लावला. पाती गरगरली. वारा सोसाट्याने आत घुसला. वैजयंती मोठ्याने आकडे मोजू लागली. साठ. शंभर. रंजिता आता लाथा मारत नव्हती, तिच्याबरोबर मोजत होती.

"दोरी!" वैजयंती म्हणाली. कडूने ट्रकची दोरी कमरेला बांधली, छाती भरून श्वास घेतला आणि तो आत शिरला. बाहेर सगळ्यांनी दोरी धरली. धावत आलेल्या लीलाधरकाकांनीही. वीस मोजायच्या आत कडू मालूबाईला खांद्यावर टाकून बाहेर आला.

तिला उघड्यावर निजवलं. ओठ निळसर पडले होते. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग तिची छाती हलली. ती खोकली, आणि रंजिता तिच्या अंगावर पडून हमसाहमशी रडू लागली.

संध्याकाळी दवाखान्यात मालूबाई उशीला टेकून बसली होती. नाकावर प्राणवायूची नळी होती. डॉक्टर म्हणाले, "आणखी पाच मिनिटं गेली असती, तर मी काही करू शकलो नसतो."

खंडव्याहून परतलेल्या अनंतमामाने यंत्रातली चिप काढून वाचली होती. अर्धी जागा खरोखरच कोरी निघाली. पंडित खाली मान घालून कोपऱ्यात उभा होता. त्याचं काम तर गेलंच होतं, शिवाय पोलिसांनीही त्याला उद्या बोलावलं होतं.

"पोरांनो," लीलाधरकाका म्हणाले. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "मालूबाई सकाळी चक्कर येऊन पडली, तेव्हा मी वर बघितलंसुद्धा नाही. तुम्ही बघितलं. आजपासून त्या केंद्रात तपासल्याशिवाय एक चिप बसायची नाही. आणि ती तपासताना वैजयंती शेजारी असेल."

"मला न सांगता दुकान उघडल्याबद्दल रागवणार होतो," अनंतमामा म्हणाला. "पण राहू दे. मला पंडितचं काम डोळ्यांखालून घालायला हवं होतं. तू ते केलंस. शाब्बास गं!"

मालूबाईने वैजयंतीला जवळ बोलावून तिचा हात हातात घेतला, आणि दचकून म्हणाली, "हे वं काय? कोन चावलं तुले?"

मनगटावर दातांची लालभडक गोल खूण उमटली होती. रंजिताचा चेहरा कानापर्यंत तापला.

"मांजर होतं, मावशी," वैजयंती घाईघाईने म्हणाली.

"फार मोठं मांजर होतं," चंदन गंभीरपणे म्हणाला. "दोन वेण्यांचं!"

आणि नाकात नळी असतानाही मालूबाई इतकी हसली, की नर्सबाई धावत आल्या.