तिची छत्री

साहेब, तुम्ही तिची बदली केलीत आणि कारण सांगितलंत – शिस्त. खोटं बोललात. अख्ख्या छावणीसमोर, डोळ्यांची पापणी न लववता खोटं बोललात.

ती पहिल्यांदा आली तेव्हा मी लांबलचक टेबलावर पॅराशूट पसरून घडी घालत होते. आमच्यात त्याला छत्रीच म्हणतात. दारात चिखलाचे बूट दिसले आणि मी ओरडले, "बूट बाहेर!"

तिने मुकाट्याने बूट काढले. मोज्यातून अंगठा डोकावत होता.

"छत्रीला एवढं भोक असतं तर?" मी विचारलं.

"तर तुझ्या नावाने बोंब मारत खाली आले असते." ती हसली. "माझी छत्री तूच बांधतेस ना, शिंपीणबाई?"

"हाताला येईल ती बांधते. तुझी-माझी असं नसतं इथे."

"आजपासून असेल..."

आणि झालंच तसं. रांगेत घुसून, भांडून ती मी बांधलेलीच छत्री घ्यायची. घडी पुरी झाली की मी पिशवीवर तळहात दाबायचे – नियमात नाही, माझी सवय. तिने ते हेरलं. मग छत्री पाठीवर चढवण्याआधी ती नेमका तिथेच हात ठेवायची आणि माझ्याकडे बघायची. बस्स, तेवढंच. त्या बघण्यावर माझा आठवडा निघायचा. सुट्टीत तिला घरी नेलं, तर आई म्हणाली, "अगं, खात जा जरा, वाऱ्याने उडून जाशील."

"काकू, उडण्याचाच तर पगार मिळतो!"

छत्री बांधणारीने अधूनमधून स्वतः बांधलेली छत्री घेऊन उडी मारायची, अशी आमच्याकडे रीत आहे. माझी पाळी आली. विमानाच्या दारात मी चौकट घट्ट धरली, सोडवेचना.

"बांधलीय कुणी?" ती मागून कानाशी ओरडली.

"मी!"

"मग घाबरतेस कशाला? मी रोज कुणाच्या भरवशावर उडी मारते, वेडे?"

मी गवतात पडले. छत्रीचं कापड अजून वाऱ्याने फुगलेलं, आणि त्याच्या आडोशाला, माझ्या मागोमाग उडी मारून उतरलेली ती धावत आली. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"आवडतेस तू मला... केव्हाची."

"माहितीये. मलाही –"

वारा पडला. कापड खाली बसलं. पलीकडे तुम्ही उभे होतात.

दुसऱ्या दिवशी तिच्या खाटेवर गादी गुंडाळलेली. 'शिस्तीला धोका,' म्हणालात. तिचा जीव रोज माझ्या हातात देत होतात, तेव्हा कसला धोका दिसला नाही तुम्हाला? तिने माझा चेहरा हातांत घेतला आणि लगेच दिसला?

मी अजूनही प्रत्येक पिशवीवर तळहात दाबते. नव्या मुली छत्री उचलतात, निघून जातात. त्यांना काय माहीत... विमान वर गेलं की माझी मान आपोआप वर जाते. ती त्यात नसते.

तोंड बंद ठेव, असा तुमचा हुकूम आहे. नाही ठेवणार. एकच विचारते साहेब, आणि उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही –

तिची छत्री आता कोण बांधतं?