शहिदाची आंघोळ

वीज गेली होती. अंगणात शेगडीवर चहा उकळत होता. हाज मिलूदभोवती पोरं बसली होती. सगळ्यांत पुढे त्याचा भाचा फरहात. तो परवा फौजेत भरती होणार होता.

"मामा, भुताची गोष्ट सांगा. पण खरी हं! गेल्या वेळचं भूत शेवटी बकरी निघालं."

"ही माझ्या जुन्या दोस्ताची. मुफ्ताहची. हिच्यात बकरी नाही."

मुफ्ताह गावातल्या मयतांना अखेरची आंघोळ घालायचा. रजब महिन्याची नववी रात्र, गुरुवार. रात्रीची इशाची नमाज आटोपून तो मशिदीमागच्या, मयत धुवायच्या खोलीकडे निघाला. पाणी रात्रीच यायचं, टाकी भरून ठेवायची होती.

त्याच दुपारी वनीसला पुरलं होतं. जेमतेम एकोणीस वर्षांचा पोरगा. मुफ्ताहचा मुलगा सालेह त्याच्याच तुकडीत. मयत घेऊन अधिकारी जातीनं आला होता. "शहीद आहे. आंघोळ नको. अंगावरच्या कपड्यांतच पुरा."

रीतच होती ती. लढाईत पडलेल्याला धुवत नाहीत. मुफ्ताहनं मान डोलावली. कुणी काही विचारलं नाही. युद्धात अधिकाऱ्यांना धर्म अगदी वेळेवर आठवतो.

त्यानं अंगणातला नळ सोडला. तेवढ्यात आत, खोलीत, पाणी पडल्याचा आवाज आला.

आत तर नळ नव्हता...

त्यानं दार लोटलं. दगडी ओट्यावर कुणीतरी निजलं होतं. अंगात गणवेश. बुटांना ओली माती.

"काका..."

वनीस.

"मला आंघोळ घाला."

मुफ्ताह उंबऱ्यातच थबकला. "शहिदाला... घालत नाहीत रे बाळा."

"घाला. म्हणजे दिसेल."

हातांना सवय होती. हात आपोआप पुढे झाले, गणवेश उतरवला. उजवी बाजू. डावी बाजू. छातीवर ओरखडाही नाही. मग त्यानं वनीसला कुशीवर वळवलं...

मानेच्या मागे भोक. कडेची कातडी जळलेली. गोळी अगदी जवळून झाडलेली.

आंघोळ का नको होती, ते मुफ्ताहला तेव्हा कळलं.

"कसं झालं हे?"

"एक बाई पांढरं फडकं हलवत घराबाहेर आली. कडेवर मूल. साहेब म्हणाले, गोळ्या घाला. मी बंदूक खाली ठेवली."

"मग?"

"साहेबांनी माझ्या मागच्याला सांगितलं... आधी याला."

"मागे कोण होतं?"

वनीसनं तोंड भिंतीकडे वळवलं.

"वनीस... सालेह होता?"

पाण्याचा आवाज थांबला. ओटा रिकामा.

"मग?" फरहात पुढे सरकला. "सालेहनंच...?"

"चहा उतू चाललाय. बघ आधी."

कुणीच उठलं नाही.

काही दिवसांनी सालेह सुट्टीवर आला. आईनं त्याला पोटाशी धरलं. नमाजाआधी लेक हातपाय धुवायला बसला, तेव्हा बापानं तांब्या उचलला. त्याच्या उजव्या हातावर पाणी ओतलं.

पाणी हाताला लागलं नाही. मनगटाशी दुभंगलं आणि खाली सांडलं.

पुन्हा ओतलं. हात कोरडाच.

बापलेक एकमेकांकडे बघत राहिले...

"थापा!" फरहात म्हणाला. आवाज मात्र बारीक झाला होता.

"मशिदीत शेवटच्या रांगेत एकटा असतो ना, तोच सालेह. वाळवंटात पाणी न मिळालेला मुसाफिर करतो, तसा मातीवर हात घासतो आणि नमाजाला उभा राहतो. शेजारी नळ धो धो वाहत असतो."