उतारावरची खोटी हिरवळ

"नेम धरून नाही गं, डोळे मिटून फेक!" मावशी ओरडली. "चौकट पडेल तिथलीच रोपं मोजायची!"

मावशी वनस्पतींची अभ्यासक. बंद पडलेल्या खाणीच्या मातीदगडांचा डोंगराएवढा ढीग तिथे उभा होता. त्यावर लावलेली झाडं किती रुजली, ते तिला तपासायचं होतं. सुट्टीत आलेली तिची तीन भाचरं मदतीला होती: ताई, तिचा धाकटा भाऊ ढोल्या आणि मावसबहीण शंकासूर. तिच्या शंका कधी संपायच्याच नाहीत!

ढिगाच्या पायथ्याशी कामगारांची घरं होती. मुळांनी माती धरून ठेवली नाही, तर मोठ्या पावसात सगळा उतार घरांवर येणार!

शंकासूरने मोजणीची हातभर लाकडी चौकट फेकली. झाडं लावण्याचं काम घेतलेल्या ठेकेदाराने ती बुटाने हळूच हिरव्यागार जागी सरकवली.

"इथं मोजा मॅडम! मागच्या उतारावर साप आहेत, साप!"

"काका, तिकडून मेल्या उंदरासारखा वास का येतोय?" शंकासूरने विचारलं.

"खत आहे बाळा, खत!" तो दात विचकून हसला.

दुपारी मावशी त्याच्याशी बोलत बसली, तेव्हा तिघं काठ्या आपटत मागच्या उतारावर गेली. चढताना शंकासूरने एक रोप धरलं. ते अलगद हातात आलं!

मूळच नव्हतं! नुसती तोडलेली फांदी जमिनीत खुपसलेली. टोक काळं, बुळबुळीत, कुजलेलं.

"ई! वळवळतंय काहीतरी!"

"अळ्या!" ढोल्याला उमासा आला. तो मटकन गवतावर बसला आणि किंचाळला. त्याचे तळवे हिरवे झाले होते. वाळलेल्या गवतावर चक्क रंग फवारला होता!

ताईने दुसरी फांदी ओढली, मग तिसरी. सगळ्या तशाच! तिने खाली पाहिलं. एका अंगणात एक बाई बाळाला न्हाऊ घालत होती. ताईने हातातली फांदी फेकून दिली.

"अळ्या परवडल्या," ती म्हणाली. "त्या माणसाची जास्त किळस येते मला!"

"चल, मावशीला सांगू!" ढोल्या म्हणाला.

"तो म्हणेल, पोरांनीच झाडं उपटली. त्याला त्याच्याच हातून उघडं पाडायचं!" ताई म्हणाली.

संध्याकाळी खाणखात्याचे अधिकारी आले. ठेकेदार ढिगाच्या माथ्यावर त्यांच्यापुढे मिरवत होता.

"काका," ताई गोड आवाजात म्हणाली, "मागची झाडंही अशीच घट्ट रुजलीत ना?"

"हत्तीलासुद्धा उपटता येणार नाहीत!"

"मग शेवटची चौकट मी फेकते!" शंकासूरने डोळे मिटले, गरकन गिरकी घेतली आणि चौकट थेट मागच्या उतारावर भिरकावली.

"अहो, साप!" ठेकेदार ओरडला.

"आम्ही दुपारी तिथंच होतो," ढोल्या म्हणाला. "फक्त अळ्या भेटल्या!"

अधिकारी निघालेच! त्यांच्याआधी चौकट उचलायला ठेकेदार धावला आणि त्याचा पाय घसरला. आधाराला धरलेलं एक झाड उपटलं, दुसरं उपटलं, आणि तो कुजक्या फांद्यांच्या चिखलात फतकल मारून बसला. तोंड पुसायला गेला, तर गाल हिरवेगार!

कोणीच हसलं नाही. दुर्गंधीच तशी सुटली होती. अधिकाऱ्यांनी नाकाला रुमाल लावला.

"शी! खाली लेकरं राहतात, आणि तुम्ही इथं रंग फवारता?"

मावशीने ठेकेदाराकडे पाहिलंही नाही. "साहेब, या उतारावर एकही झाड रुजलेलं नाही. पाऊस कधीही कोसळेल, घरं आजच रिकामी करा."

अंधार पडायच्या आत गाड्या आल्या. सामान, म्हातारी माणसं, सगळे शाळेच्या इमारतीत सुखरूप पोहोचले. बाळही आईच्या कुशीत झोपून गेलं. ठेकेदाराचं काम तर गेलंच, शिवाय त्याच्यावर चौकशीही बसली.

"चुकीच्या मोजणीवर मीच शिक्कामोर्तब केलं असतं गं," मावशी तिघांना जवळ घेत म्हणाली. "तुम्ही वाचवलंत सगळ्यांना."

अधिकाऱ्यांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. ढोल्याने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"साहेब, चार वेळा साबण लावला, तरी रंगही जात नाही आणि वासही. शाबासकी लांबूनच द्या!"