न भिजवलेली वात

साक्षी प्रत्येक फासळी तोलून बघायची. मंठ्याच्या ज्या शाळेत ती विज्ञान शिकवायची, तिथल्या तराजूवर ग्रॅमचा दहावा भाग दिसायचा. ग्लायडरच्या डाव्या पंखाला अठरा फासळ्या आणि उजव्याला अठरा. तीन मिलिमीटर जाडीचं, भाकरीच्या पापुद्र्यासारखं हलकं बाल्साचं लाकूड. दोन्ही बाजूंच्या वजनात पाव ग्रॅमचा फरक निघाला, तर ती जड बाजूच्या फासळ्या पुन्हा घासायला बसायची.

"ताई, फासळ्या तोलता ते ठीक हाय," प्रितम म्हणायचा. "घरी पोळ्या बी तोलूनच खाता का?"

प्रितमचं बसस्टँडजवळ फ्लेक्स छापायचं दुकान होतं. दिवसभर पातं चालवून त्याचा हात तयार झाला होता. तो फासळ्या नजरेने कापायचा आणि अंगठ्याने दाबून लाकडाची जात ओळखायचा. दोघंही एकाच आराखड्यावरून ग्लायडर बांधत होते. साक्षीचे जुने शिक्षक अप्पाराव सर यांच्याकडचा तो आराखडा १९४८ सालचा होता, घड्यांवर फाटलेला आणि मागून कापड लावून सांधलेला. जालन्याच्या एका क्लबाने जुन्या नमुन्यांच्या छोट्या ग्लायडरची स्पर्धा ठेवली होती. नियम दोनच. आराखडा १९५० च्या आधीचा हवा आणि ग्लायडर उडवणाऱ्याने स्वतः बांधलेलं हवं.

त्याला इंजिन नसतं, रिमोट नसतो. पन्नास मीटर दोर बांधून माणूस पतंगासारखं ते पळवत वर नेतो, डोक्यावर आलं की कडी सुटते आणि पुढचं सगळं हवेवर असतं. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेत, म्हणजे थर्मलमध्ये, ते सापडलं तर उतरतच नाही. म्हणून शेपटीला एक वात लावतात. सुताची ही वात सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली असते. ती ठरलेल्या वेगाने जळत जाते, शेवटी एक रबर तोडते, शेपूट वर उचलली जाते आणि ग्लायडर सावकाश खाली येतं.

सगळ्यांच्या वाती साक्षीच करायची. पाण्यात सोरा किती, वाळवायचं किती तास, मिनिटाला किती मिलिमीटर जळते, हे तिच्या वहीत लिहिलेलं असायचं.

अप्पाराव सरांनी तिला सातवीपासून शिकवलं होतं. जानेवारीत दोन्ही ग्लायडर तयार झाली, तेव्हा सरांनी तिचं हातात घेतलं, डोळ्यांसमोर आडवं धरून पाहिलं आणि म्हणाले, "बिनचूक."

मग प्रितमचं उचललं. त्याच्या पंखांवर ताणलेल्या टिश्यू कागदाला एका जागी सुरकुती होती, नाकावर डिंकाचा ओघळ होता.  सरांनी ते खाली ठेवलं आणि थोड्या वेळाने पुन्हा उचललं.

"याच्या हाताला हवा कळती," ते पत्नीला, गिरिजाबाईंना म्हणाले. चहा घेऊन आलेल्या गिरिजाबाईंनी मान हलवली. साक्षीच्या हातात कप होता. चहा गार होईपर्यंत तो तिच्या हातातच राहिला.

पंचवीस वर्षं तिला बिनचूक हाच शब्द मिळाला होता.

माळावरच्या सरावात तिचं ग्लायडर एक मिनिट पस्तीस सेकंद हवेत टिकायचं, प्रितमचं दोन मिनिटं. वजन तेच, आराखडा तोच. दोन्ही पंखांचे कोन तिने मोजून पाहिले. प्रितमचा डावा पंख दीड अंशाने चुकलेला होता. तरीही ते हवेत असं वळायचं, जणू कुणी हाक मारली आहे.  हे माझं असायला हवं होतं, असं प्रत्येक वेळी साक्षीच्या मनात यायचं. प्रितम ते उडवत असताना तिला स्वतःच्या ग्लायडरकडे बघावंसं वाटत नसे.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी तिने वाती कापल्या. एका वातीचं सूत तिने सोऱ्यात भिजवलंच नाही. नुसतंच चहाच्या पाण्यात बुडवून रंग सारखा करून घेतला. अशी वात पेट घेते, अर्धा सेंटिमीटर धुमसते आणि विझते. तिने आधी तीनदा पाहून घेतलं होतं.

ती वात तिने प्रितमला दिली.

"बराबर हाय ना ताई?"

"तीन मिनिटांची आहे," साक्षी म्हणाली.

फेब्रुवारी संपत आला होता. हरभरा काढलेली रानं तापली होती. पहिल्याच फेरीत प्रितमचं ग्लायडर कडीतून सुटलं, एकदा वळलं आणि चढायला लागलं. दोन मिनिटं झाली, तीन झाली, चार झाली. शेपूट उचलली गेली नाही. सहाव्या मिनिटाला ते ठिपका झालं. सगळे माना वर करून उभे होते. प्रितम दोन शेतं पळाला, मग एका बांधावर बसला.

दुसरं ग्लायडर त्याच्याकडे नव्हतं. निकाल तिन्ही फेऱ्यांच्या एकूण वेळेवर होता आणि उरलेल्या दोन फेऱ्या त्याच्याविना झाल्या. साक्षी पहिली आली. चषक घेताना तिने सरांकडे पाहिलं. सर अजून वर बघत होते.

पहिला फोन नऊ दिवसांनी आला, भर दुपारी.

"साक्षी बाई का? मी रामकिसन, केदारखेड्याहून. तुमचं इमान आमच्या शिवारात फिरून राह्यलंय."

केदारखेडा म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. "कुठे उतरलं?" तिने विचारलं.

"उतरलं न्हाई. वरच हाय. गोल गोल."

"मग माझा नंबर कुठून मिळाला?"

"पंखाच्या पोटावर लिवलाय की. नाव बी हाय."

त्या पंखावर प्रितमने स्वतःचा नंबर लिहिला होता. तिच्यासमोर, काळ्या मार्करने. कुणीतरी चेष्टा करतंय, असं तिने ठरवलं. नऊ दिवस कोणतंही ग्लायडर हवेत राहत नाही. सूर्य मावळला की थर्मल संपतं.

दुसरा फोन तीर्थपुरीहून आला, मार्चच्या मध्यावर. बाई बोलत होत्या, मागे गिरणीचा आवाज होता. "बाई, तुमचं ते पांढरं इमान. घेऊन जा ना जल्दी. बैलं बुजून राह्यलेत."

"मला फोटो पाठवा," साक्षी म्हणाली.

फोटो आला. वर निळं, मोकळं आभाळ. त्यात काहीच नव्हतं. खाली खळ्याच्या सारवलेल्या जमिनीवर मात्र लांब पंखांची एक सावली पडली होती. कडा पुसट होत्या.

तिने फोटो मोठा केला आणि सवयीने हिशेब केला. वस्तू जितकी उंच, तितकी तिच्या सावलीची कड पुसट. एका मीटरला साधारण एक सेंटिमीटर. ही कड दहा सेंटिमीटर पुसट होती. दहा मीटर, म्हणजे तीन मजले. त्या उंचीवरचं ग्लायडर अर्ध्या मिनिटात जमिनीला टेकतं.

केदारखेड्याहून तीर्थपुरी. मंठ्याच्या दिशेने. त्या पंधरवड्यात वारा पूर्वेचा होता, म्हणजे ते वाऱ्याविरुद्ध येत होतं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी ती प्रितमच्या दुकानात गेली. वातीचं सांगून टाकायचं, असं ठरवूनच ती निघाली होती. वाक्यही तयार होतं. प्रितमने स्टूल पुसून पुढे केलं.

"या ताई. चॅम्पियन दुकानात आल्या म्हंजे आज पेढे मागवाया पाहिजेत."

काउंटरवर काचेखाली अप्पाराव सरांचा आराखडा पसरलेला होता. घड्यांवरचं कापड, पेन्सिलच्या खुणा, कोपऱ्यातला चहाचा डाग.

"हे तुझ्याकडे कसं?"

"सरांनी देलं. काल सोता घेऊन आल्ते. म्हणले, तुझं परत आलं न्हाई, तर नवं बांध." तो जरा ओशाळला. "मी म्हणलो, पण जिंकल्या ताई की. तर म्हणले, तिला काय, तिचं बिनचूकच असतं."

साक्षी काचेकडे बघत राहिली.

"ताई, काही काम होतं का?"

"नाही," ती म्हणाली. "इकडून चालले होते."

घरी येऊन ती गच्चीवर गेली. दोरीवरचे कपडे काढायचे होते. दुपारचे साडेबारा. सूर्य जवळजवळ डोक्यावर होता. फोन वाजला. समोरच्या गच्चीवर मिरच्या पसरणाऱ्या शेजारच्या तुळजाबाई हातात फोन धरून तिच्याकडेच बघत होत्या.

"बाई, तुमचं इमान आलंय की."

"कुठे?"

"तुमच्या डोक्यावर."

तुळजाबाईंनी फोन खाली केला आणि टोपली तशीच टाकून त्या जिना उतरून गेल्या.

गच्चीच्या कठड्यावरून एक पुसट पट्टा सरकला. फरशीवर आला. एक फेरी घेतली, दुसरी घेतली. डावीकडे वळताना तो किंचित झुकत होता. दीड अंश.

कड पाच सेंटिमीटर. पाच मीटर.

साक्षीने कपडे छातीशी धरले. तिला आवाज ऐकू येत नव्हता. ग्लायडरला आवाज नसतोच.

तीन सेंटिमीटर.

मग सावली फिरायची थांबली. हवेत कोणतंही ग्लायडर थांबू शकत नाही, हे ती आठवीच्या वर्गाला शिकवते. सावली आता तिने छातीशी धरलेल्या कपड्यांवर आडवी पडली होती.

एक सेंटिमीटर.

तिने मान वर केली नाही.

पंखाच्या राखाडी पट्ट्यात बारीक काळ्या रेघा उमटू लागल्या. तीन मिलिमीटरची फासळी सावलीत वेगळी दिसायची, तर ग्लायडर वीतभर अंतरावर यावं लागतं.

तिला आता त्या मोजता येत होत्या.