प्रभाग सतराची कळ

महापालिकेच्या वेदनाकक्षात नगरसेवक बळवंत ढोकणे पाय पसरून चहा पीत होते. समोरच्या पडद्यावर तळेकाठ वस्तीवर पालिकेचं पथक चालून जात होतं. चाळीस पोरं, चाळीस दंडुके, मागे दोन बुलडोझर!

डॉ. शर्वाणी मात्र एकाच दाराकडे बघत होती. तिथे तिची गोदाआत्या उभी होती. हातात मुसळ!

"पुन्हा सांगा हो डॉक्टर," कानामागची चकती चोळत ढोकणे म्हणाले. "आता मला काही होणार नाही ना?"

ही वेदनाग्राही चकती शर्वाणीनंच घडवलेली. शहराचा कायदाच होता तसा. प्रभागातल्या कुणालाही लागलं, की कळ नगरसेवकाच्या अंगात उठायची. म्हणून तर दहा वर्षांत तळेकाठवर कुणी हात उगारला नव्हता!

"चकती जमीन ओळखत नाही, मतदारयादी ओळखते," शर्वाणी कोरडेपणानं म्हणाली. "यादीतला माणूस कुठेही असो, त्याला लागलं की तुम्हाला लागणार. तळेकाठची नावं तुम्ही पंधरा दिवस हरकती मागवून काल काढलीत. आता ती कुणाच्याच यादीत नाहीत."

"झकास!" ढोकण्यांनी माईक ओढला. "हाणा रे!"

दंडुके बरसले. एका म्हाताऱ्याचं कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत उतरलं. एका बाईचा हात काडकन मोडला. शर्वाणीनं ओठ इतका चावला की तोंडात रक्ताची चव आली.

"मुंगीसुद्धा चावली नाही!" ढोकणे खदाखदा हसले.

तेवढ्यात गोदाआत्याचं मुसळ पहिल्या पोराच्या गुडघ्यावर बसलं.

ढोकण्यांचा कप उडाला. गुडघा धरून ते खुर्चीतून खाली कोसळले. "आई गं! यंत्र बिघडलं तुमचं!"

मग वस्तीतून दगड सुटले. जबडा, बरगडी, नडगी... दर दगडाला ढोकणे फरशीवर उसळत होते.

शर्वाणीनं पथकाची नावं यादीशी ताडून पाहिली. मग ती सावकाश वळली. "साहेब, या पथकाची भरती कुणी केली?"

"मीच! सगळी आपल्या प्रभागातली पोरं. बाहेरचा एक घेतला नाही..." बोलता बोलता ढोकण्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "काढा! त्यांची नावं काढा!"

"हरकती-सूचनांना पंधरा दिवस लागतात, साहेब."

"मग चकती काढा!"

"काढते. पण कायद्यानं पद जाईल."

पद म्हटल्यावर ढोकण्यांनी दात आवळले आणि माईकवर किंचाळले, "परत फिरा रे!"

पथक फिरलं. दंडुके टाकून पळत सुटलं. आणि मागे अख्खं तळेकाठ धावलं, गोदाआत्या सगळ्यांच्या पुढे. चाळीस पाठींवर पडणारा प्रत्येक तडाखा एकाच पाठीत उतरत होता.

"त्या... त्या बाईला थांबायला सांगा!"

शर्वाणीनं माईक बंद केला.

"ती कुणाच्याच यादीत नाही, साहेब. ऐकणार कुणाचं?"